देवळालीचे गणिती

मुंबईहून नाशिककडे जाणारा लोहमार्ग ठाणे, डोंबिवली, कल्याण ही गावे मागे टाकून कसाऱ्याचा घाट चढतो, इगतपुरीस क्षणभर विसावतो आणि देवळाली, नाशिकरोड, मनमाड, नांदगाव अशी स्थानके घेत पुढे खानदेशात उतरतो. या लोहमार्गाच्या कडेकडेनेच एका शाळामास्तरांचे बहुतेक सारे आयुष्य गेले. ठाण्यास त्यांनी शालेय शिक्षण घेतले, डोंबिवलीच्या स्थानकावर त्यांना एक नवी कल्पना सुचली आणि देवळालीस त्यांनी बत्तीस वर्षे मुलांना शिकविले. त्यांनी शोधून काढलेली एक संख्या आज जगातील अनेक देशांच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. या मास्तरांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी समुद्रकाठच्या डहाणू या गावी झाला. ते अवघे आठ वर्षांचे असताना त्यांची आई निवर्तली व वडिलांनीच त्यांचा सांभाळ केला. वडील व्यवसायाने कारकून होते आणि ज्योतिषाचा त्यांना मोठा नाद होता. ज्योतिष खरे की खोटे, हा प्रश्न वेगळा. परंतु कुंडली मांडावयाची म्हणजे पुष्कळ आकडेमोड करावी लागते. घरात चालणाऱ्या या आकडेमोडीची गोडी मुलाला लागली. वडील आकड्यांतून ग्रहांकडे पाहत, मुलगा मात्र आकड्यांकडेच पाहत राहिला. ठाण्याच्या शाळेत असताना गणिताची कोडी सोडविण्यात त्यांचा तासन् तास वेळ जाई.

पुढे १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. केंब्रिज विद्यापीठाच्या गणित परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, हे या महाविद्यालयाचे दीर्घकाळ प्राचार्य होते. त्यांच्या नावे गणितातील स्वतंत्र कामासाठी एक पारितोषिक दिले जात असे. ते १९२७ साली कापरेकरांना मिळाले. त्यांचा विषय वक्ररेषांचा होता. भिंतीला टेकविलेली शिडी हळूहळू घसरू लागली, तर तिच्या प्रत्येक अवस्थेची रेषा कागदावर काढावी. त्या सर्व सरळ रेषांना स्पर्श करणारी एक सुंदर वक्ररेषा आपोआप उमटलेली दिसते. अशा वक्ररेषांच्या शास्त्राचा त्यांनी अभ्यास केला होता. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० साली देवळालीस शाळाशिक्षक म्हणून रुजू झाले, ते १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

देवळाली हे त्या काळी लष्कराच्या छावणीसाठी आणि निरोगी हवेसाठी प्रसिद्ध असलेले लहानसे गाव. तेथे मोठे ग्रंथालय नव्हते, विद्यापीठ नव्हते, गणिताच्या गहन प्रश्नांवर चार शब्द बोलावयास सहकारी नव्हते. कागद व पेन्सिल मात्र होती. आणि संख्या तर कोठेही असतात. दिवसा शाळा व उरलेल्या वेळी संख्या, असा कापरेकरांचा क्रम सुरू झाला.

मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर असलेल्या डोंबिवली स्थानकाला त्या वेळी डेमलो असेही नाव होते. तेथे गाडी बदलताना एका विशिष्ट प्रकारच्या संख्या कापरेकरांच्या मनात आल्या, म्हणून त्यांनी त्या संख्यांना स्थानकाचेच नाव देऊन टाकले. या संख्यांची ओळख सोपी आहे. ११ ला ११ ने गुणले असता १२१ येतात. १११ ला १११ ने गुणले असता १२३२१ येतात. असे करीत नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग केला, तर १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. पायऱ्या चढून जावे आणि त्याच पायऱ्यांनी उतरून यावे, तसे तिचे अंक चढतात व उतरतात. २५५३ ही संख्यादेखील डेमलो संख्या आहे. तिच्या दोन टोकांच्या २ आणि ३ यांची बेरीज केली की मध्ये पुनःपुन्हा येणारा ५ हा अंक मिळतो. आगगाडीची वाट पाहताना माणसे फलाटावर येरझारा घालतात किंवा घड्याळाकडे पाहतात. तेवढ्या वेळात एका कुळातील सर्व संख्यांना नाव मिळाले, असे क्वचितच कोठे घडले असेल.

कापरेकरांना संख्यांचे असे निरनिराळे वर्ग पाडण्याचा छंदच जडला होता. वनस्पतिशास्त्रज्ञ रानात फिरून झाडांची कुळे ठरवितो, त्याप्रमाणे ते संख्यांची कुळे ठरवीत. त्यांना आढळलेल्या एका कुळाला पुढे जगाने कापरेकर संख्या हेच नाव दिले. ४५ चा वर्ग केला तर २०२५ होतात. या चार अंकांचे मधोमध दोन भाग करून २० व २५ यांची बेरीज करावी. पुन्हा ४५ च परत येतात. २९७ चा वर्ग ८८२०९ आहे, आणि ८८ व २०९ मिळून २९७ होतात. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ अधिक २०९ म्हणजे ७०३. याच कुळात १४२८५७ ही सहा अंकी संख्याही बसते. तिचा वर्ग २०४०८१२२४४९ असून २०४०८ व १२२४४९ यांची बेरीज १४२८५७ भरते. १ ला ७ ने भागून दशांशात मांडले असता जे सहा अंक पुनःपुन्हा येत राहतात, तेच हे अंक होत. अशा आवर्ती दशांशांवर कापरेकरांनी १९५० साली एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध संख्या मात्र ६१७४ ही होय. १९४६ साली त्यांना ती सापडली. सर्व अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक प्रथम उतरत्या क्रमाने व नंतर चढत्या क्रमाने लिहावेत आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. जी संख्या येईल तिच्यावर हीच क्रिया पुन्हा करावी. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ हेच घेऊ. ९५१० मधून ०१५९ वजा केले की ९३५१ राहतात. ९५३१ मधून १३५९ वजा केले की ८१७२. त्यानंतर क्रमाने ७४४३, ३९९६, ६२६४ आणि ४१७६ येतात. आणि सातव्या वेळी ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. आता ६१७४ चेच अंक उतरते व चढते मांडले, तर पुन्हा ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४. येथून पुढे वाट नाही. नदीचा प्रवाह डोहात येऊन थांबावा, तशी ही क्रिया येथे थांबते. विशेष म्हणजे कोणत्याही संख्येपासून आरंभ केला, तरी सात पायऱ्यांहून अधिक कधीच लागत नाहीत. १९०५ ला नेमक्या सात लागल्या, हा योगायोग कापरेकरांना नक्कीच आवडला असता. वाचकांनी आपापले जन्मवर्ष घेऊन हा प्रयोग अवश्य करावा. मात्र एखाद्या वजाबाकीत तीनच अंक आले, तर आरंभी शून्य लिहून चार अंक पुरे करण्यास विसरू नये.

हा शोध कापरेकरांनी १९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत मांडला, व १९५५ साली तो ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकेतील नियतकालिकात छापून आला. परंतु एवढ्याने त्यांची वाट सुकर झाली, असे मात्र घडले नाही. देशातील अनेक गणितज्ञांना त्यांचे काम पोरकट वाटे. काहीजण हसतही. मोठी नियतकालिके त्यांचे लेख घेत नसत. तेव्हा ते लहानसहान नियतकालिकांत लिहीत, किंवा आपल्या तुटपुंज्या पगारातून पैसे काढून पुस्तिका छापीत. देवळालीच्या खरेवाड्याचा पत्ता अशा पुस्तिकांवर आढळतो.

हसणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, हेही सांगितले पाहिजे. श्रीनिवास रामानुजन यांची थोरवी ज्यांनी प्रथम ओळखली, त्या केंब्रिजच्या हार्डी यांनी १९४० सालच्या आपल्या पुस्तकात अशाच अंकांच्या गमतींचा उल्लेख केला आहे. ८७१२ ही संख्या २१७८ च्या चौपट आहे, म्हणजे आपल्याच उलट्या रूपाची चौपट आहे. परंतु असली उदाहरणे वृत्तपत्रातील कोड्यांना शोभतात, गणितज्ञाला त्यांत राम वाटत नाही, असा हार्डी यांचा अभिप्राय होता. त्यांचा मुद्दा समजण्यासारखा आहे. आपण दहा अंक वापरून संख्या लिहितो. माणसाच्या हातांना आठच बोटे असती आणि आपण आठ अंकांनीच संख्या लिहीत असतो, तर ६१७४ ची ही जादू नाहीशी झाली असती. मग हा गुणधर्म संख्येचा म्हणावा की तिच्या लिहिण्याच्या पद्धतीचा? प्रश्न रास्त आहे. पण लिहिण्याची पद्धत तरी माणसाने उगाच कोठून आणली? ती ठरली की तिच्या पोटी असंख्य नियम जन्माला येतात, ते कोणी बनविलेले नसतात आणि शोधल्याविना सापडतही नाहीत. कापरेकर या नियमांच्या शोधात होते. टीकेने ते थांबले नाहीत. शाळा-महाविद्यालयांतून बोलावणे आले की ते सुटीच्या दिवशी जात, फळ्यावर संख्या मांडीत, आणि समोरची मुले त्यांच्याबरोबर वजाबाक्या करू लागत.

संख्यांच्या एका वर्गाला त्यांनी दिलेले नाव त्यांच्या स्वभावाची साक्ष देते. ज्या संख्येला तिच्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे म्हटले. १८ ची अंकबेरीज ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. म्हणून १८ हर्षद आहे. रामानुजन यांच्या नावाशी जोडली गेलेली १७२९ ही संख्याही हर्षदच आहे. तिच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. खुद्द ६१७४ ची अंकबेरीज १८ असून १८ गुणिले ३४३ म्हणजे ६१७४. पाश्चात्त्य देशांत याच संख्यांना आयव्हन निव्हेन या गणितज्ञांच्या नावाने ओळखू लागले, कारण १९७७ साली त्यांनी एका व्याख्यानात या संख्यांची चर्चा केली. परंतु हर्षद हे नावही टिकून राहिले आहे, आणि मराठी येत नसलेल्या गणितज्ञांनाही त्याचा उच्चार करावा लागतो.

याहून खोल विचार त्यांच्या स्वयंभू संख्यांत आहे. कोणतीही संख्या घ्यावी व तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २१ मध्ये २ अधिक १, म्हणजे ३ मिळविले, की २४ होतात. २४ मध्ये ६ मिळविले की ३०. ३० पासून ३३, ३३ पासून ३९, अशी ही वंशावळ अखंड पुढे चालते. येथे २१ हा २४ चा जनक झाला. २१ चाही जनक आहे, तो १५. काही संख्यांना दोन जनक असतात. १०१ ही संख्या ९१ पासूनही येते आणि १०० पासूनही येते. मग प्रत्येक संख्येला जनक असतोच काय? कापरेकरांनी उलटा शोध सुरू केला आणि काही संख्या त्यांना पोरक्या आढळल्या. २० हेच पाहावे. १ पासून ९ पर्यंतच्या संख्यांवर ही क्रिया केली तर प्रत्येक संख्येची दुप्पट होते, म्हणजे जास्तीत जास्त १८ मिळतात. १० पासून १९ पर्यंतच्या संख्यांवर केली तर ११, १३, १५ अशा विषम संख्याच मिळतात. या दोहोंत २० कोठेच येत नाहीत. २० ला जनक नाही. कापरेकरांनी अशा संख्यांना पोरके न म्हणता स्वयंभू म्हटले. आपल्याकडे जमिनीतून आपोआप प्रकट झालेल्या देवाच्या मूर्तीला स्वयंभू म्हणतात; ज्याला कोणी घडविले नाही, ते स्वयंभू. शंभरापर्यंत अशा तेरा संख्या आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. त्यांपुढेही त्या आहेत, आणि त्यांना अंत नाही. आपल्या गावाची आठवण ठेवून कापरेकरांनी त्यांना देवळाली संख्या असेही नाव दिले व १९६३ साली त्यांवर पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या एका गणितज्ञाने याच संख्यांविषयी प्रश्न विचारला, तेव्हा काहीजण त्यांना कोलंबियन संख्या म्हणू लागले. देवळालीतील पुस्तिका तेथवर पोहोचलेली नव्हती, एवढाच याचा अर्थ.

निवृत्तीनंतरचे दिवस कष्टाचे होते. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतनात भागेना, म्हणून गणित व विज्ञान यांच्या शिकवण्या घेऊन ते गुजराण करीत. वयाच्या साठीनंतर, एकटेपणात, शिकवणीची मुले घरी गेल्यावर ते पुन्हा कागद पुढे ओढीत. १९७५ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणितविषयक सदरात कापरेकर व त्यांच्या संख्या यांची ओळख करून दिली. हे सदर जगभर आवडीने वाचले जाई. एका महिन्यात दूरदूरच्या देशांतील वाचकांना देवळालीच्या मास्तरांचे नाव कळले. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. त्यानंतर गणितज्ञांनी त्यांच्या संख्यांवर लेख लिहिले, यंत्रांच्या साहाय्याने त्यांची कोष्टके केली, आणि पूर्वी ज्याला पोरकट म्हटले जाई त्यातून नवे प्रश्न निघाले. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच, १५ ऑगस्ट १९७२ पासून, टपालासाठी सहा अंकी पिन कोड सुरू झाले. लहान संख्या हाताने तपासता येतात. सहा अंकी संख्येचा जनक शोधणे मात्र कठीण वाटते. कापरेकरांच्या लोहमार्गावरचीच तीन गावे घेऊन पाहू. देवळालीचा पिन कोड ४२२४०१ आहे. त्याला जनक आहे. ४२२३८१ मध्ये त्याच्या अंकांची बेरीज २० मिळविली की ४२२४०१ होतात. मनमाडच्या ४२३१०४ लाही जनक आहे; ४२३०७९ ची अंकबेरीज २५, आणि दोहोंची बेरीज ४२३१०४.

मनमाडच्या पुढे नांदगाव. त्याचा पिन कोड ४२३१०६. ही संख्या हर्षद नाही. तिची अंकबेरीज १६, आणि १६ ने भागले असता २ उरतात. आता तिचा जनक शोधावयाचा. सहा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ५४ हून अधिक होऊच शकत नाही. म्हणून ४२३००० हून लहान असलेली कोणतीही संख्या येथवर पोहोचणार नाही. ४२३१०० व त्यापुढील संख्यांची अंकबेरीज निदान १० असते, तेव्हा त्या ४२३११० किंवा त्यापलीकडे जाऊन पडतात. राहिल्या त्या ४२३००० पासून ४२३०९९ पर्यंतच्या शंभर संख्या. त्यांचे पहिले चार अंक ४, २, ३ आणि ०. त्यांची बेरीज ९. म्हणजे ४२३००९ पर्यंतचा हिशेब आपोआप झाला, आणखी ९७ हवेत. दशकस्थानी १ वाढला की एकूणात ११ ची भर पडते: दहा त्या स्थानाचे आणि एक अंकबेरजेतला. एककस्थानी १ वाढला की २ ची भर पडते. ९७ विषम आहेत, म्हणून दशकाचा अंक विषमच हवा. तो १ घेतला तर एककाचा अंक ४३ हवा, ३ घेतला तर ३२, ५ घेतला तर २१, आणि ७ घेतला तर १०. ९ घेतला तर ९९ होऊन बेरीज पुढे निघून जाते. एककस्थानी ९ हून मोठा अंक मावत नाही. ७ घेतल्यावर दहा हवे होते, आणि नऊच मिळाले, एकाने चुकले. नांदगावच्या ४२३१०६ ला जनक नाही. ती देवळाली संख्या आहे.